रफू, ठिगळ आणि अस्तर



या भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा 'कवितेवर काहीतरी बोला' असा निरोप होता. मी म्हटलं, या खेपेला हर्नियावर बोलतो. फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग विचारणा झाली, ''म्हणजे, त्या नावाची कविता आहे का?'' नाही, कविता नाही. तोच तो हर्निया, ज्याला आपल्याकडे जुनी माणसं अंतर्गळ म्हणतात. त्यावर चारचौघांत कुणी बोलत नाही, आणि म्हणूनच मला बोलायचं आहे.

मी ऐरोलीत राहतो. माझं शिक्षण बी. ए.पर्यंत, तेही मराठी साहित्य घेऊन. त्यामुळे मी वैद्यकातला अधिकारी माणूस नाही, हे आधीच कबूल करतो. पण मी शिंप्याचा मुलगा आहे. फाटलेलं कापड दुरुस्त करण्याचे प्रकार लहानपणापासून पाहिलेत. आणि हर्नियाची शस्त्रक्रिया म्हणजे शेवटी पोटाच्या भिंतीला पडलेल्या भोकाची दुरुस्ती, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पोटावरून समजलं.

झालं असं, की न खपलेल्या माझ्या कवितासंग्रहाच्या प्रतींचं एक खोकं मी माळ्यावर चढवत होतो. माझ्या कवितेला वजन नाही असं समीक्षक म्हणत आले आहेत. त्या दिवशी ते खोटं ठरलं. उजव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं झालं. संध्याकाळी आंघोळ करताना पाहिलं, तर लिंबाएवढा फुगवटा. आडवा झालो की आत जायचा, खोकलो की बाहेर यायचा. नमाजला सजद्यातून उठताना तिथे ओढ लागायची. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, की खोक्याला सगळा दोष देऊ नका. भिंत आधीपासून कमजोर असते, जुना खोकला, बद्धकोष्ठता, वाढतं वय, आईबापाकडून आलेली ठेवण अशी अनेक कारणं जमलेली असतात. वजन उचलणं हे बहुधा शेवटचं निमित्त.

मी काय केलं? आठ महिने काहीच केलं नाही. सैल लेंगा घालू लागलो. सकाळी खाडीच्या बाजूला फिरायला जायचो, तेही बंद केलं. मित्रांना सांगितलं गुडघा दुखतो. पत्नीलाही गुडघाच सांगितला. जागा अशी, की नाव घ्यायची चोरी.

श्रोतेहो, या लपवण्याचा शेवट काय होतो ते मी आमच्या घरात पाहिलं होतं, तरीही लपवलं. म्हणून आधी अब्बांची गोष्ट सांगतो.

महाडजवळच्या आमच्या गावात अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. रफू करण्यात त्यांचा हात असा, की लग्नातल्या शालूला पडलेलं भोक कुठे होतं ते मालकिणीलाही सापडू नये. या माणसाला अंतर्गळ होता, आणि तो आम्हा मुलांपैकी कुणालाच माहीत नव्हता. त्यांनी स्वतःच्या मशीनवर जाड ड्रिलच्या कापडाचा एक पट्टा शिवला होता. आत कापसाची गादी, मागे बंद. तो कमरेला आवळून ते दिवसभर मशीनवर पाय मारत. अम्मी तो पट्टा धुवायची आणि घरातल्या दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायची, म्हणजे तिला माहीत होतं. पट्टा फुगवटा दाबून धरतो, भोक बुजवत नाही. हे तेव्हा आमच्या घरात कुणाला सांगणार कोण?

१९८९ साल. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. एका संध्याकाळी अब्बांना उलट्या सुरू झाल्या. तो गोळा दगडासारखा कडक झाला होता, आत जाईना. तालुक्याच्या गावी नेलं, तिथे त्या रात्री सर्जन नव्हते. गाडी करून मुंबईला आणेपर्यंत सकाळ झाली. आतड्याचा तुकडा त्या भोकात अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, सडलेला भाग काढला, चौथ्या दिवशी अब्बा गेले. तिथल्या तरुण डॉक्टरनं मला बाहेर बोलावून विचारलं, ''इतकी वर्षं का थांबले? वेळेत आले असते तर साधं काम होतं.'' माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही एवढंच आहे, की लाज वाटली.

मला धीर आला तो माझ्या पत्नीमुळे. एके दिवशी ती म्हणाली, ''गुडघा दुखतो म्हणता आणि हात जांघेवर ठेवून खोकता. अब्बांचं विसरलात का?'' दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे होतो.

आता खरा प्रश्न सुरू झाला. शस्त्रक्रिया करायची हे ठरलं, पण कोणती? एका चकचकीत रुग्णालयात मला पॅकेजांचा कागद दिला. साधी जाळी, परदेशी जाळी, दुर्बीण, प्रत्येकाची किंमत वेगळी. हॉटेलच्या खोल्यांसारखं. कोणती माझ्यासाठी बरी आणि का, हे विचारल्यावर उत्तर मिळालं, ''महागातली चांगलीच असते, सर.'' मी कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो. मग दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी अर्धा तास दिला. त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं, ते मला कळलं अब्बांच्या दुकानातल्या भाषेत. तसंच तुम्हाला सांगतो.

भोक दुरुस्त करायचा पहिला मार्ग म्हणजे दोन्ही कडा ओढून शिवणं. इटलीतल्या पादुआचे एदोआर्दो बासिनी यांनी १८८० च्या दशकात या शिवणीला शास्त्रशुद्ध रूप दिलं आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभर तिची परंपरा चालली. पण अब्बा ब्लाऊज शिवताना म्हणायचे, ताणून शिवलेलं टिकत नाही. इथेही तीच अडचण. कडा ओढून आणल्या की टाक्यांवर ताण येतो, माणूस खोकतो, उठतो, आणि शिवण पुन्हा उसवू शकते. कॅनडात टोरांटोला शोल्डाइस नावाच्या डॉक्टरांनी १९४५ साली रुग्णालय काढलं आणि तिथे हीच शिवण एकावर एक पदर घेऊन करण्याची पद्धत रुळली. सरावलेल्या हातात ती उत्तम टिकते. पण तो हात तयार व्हायला वेळ लागतो.

दुसरा मार्ग ठिगळाचा. कडा ओढायच्याच नाहीत. भोकावर प्लास्टिकच्या धाग्याची विणलेली जाळी ठेवून ती बाजूंना शिवायची. शरीर हळूहळू त्या जाळीच्या छिद्रांतून स्वतःचे धागे विणतं आणि भिंत भक्कम होते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाईन यांनी १९८० च्या दशकात ही ताण न देणारी पद्धत रूढ केली. ती शिकायला तुलनेनं सोपी, आणि फक्त तेवढी जागा बधिर करूनही करता येते. ज्यांचं हृदय किंवा फुप्फुस नाजूक आहे, ज्यांना पूर्ण भूल झेपणार नाही, त्यांना हे फार सोयीचं.

तिसरा मार्ग अस्तराचा. कोटाला आतून अस्तर लावतात, तशी दुर्बिणीतून स्नायूंच्या मागच्या बाजूला मोठी जाळी पसरायची. पोटावर तीन लहान छेद. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं युग तिथून सुरू झालं. पुढे हर्नियाही तशाच दुरुस्त होऊ लागल्या. सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर जाता येतं, आणि दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर त्याच छेदांतून दोन्ही दुरुस्त होतात. आधी पुढून शस्त्रक्रिया होऊन हर्निया परत आला असेल, तर जुन्या व्रणाला हात न लावता मागून जाता येतं. मात्र यासाठी बहुधा पूर्ण भूल लागते, खर्च जास्त येतो, आणि हात सरावलेला लागतो.

हात सरावलेला म्हणजे किती? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत सुमारे दोन हजार पुरुषांवर एक मोठी तुलना झाली. २००४ साली तिचे निष्कर्ष आले. दोन वर्षांत हर्निया परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत १० टक्के आणि उघड्या जाळीच्या पद्धतीत सुमारे ५ टक्के निघालं. पण ज्या सर्जननी अशा अडीचशेहून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्याकडे पहिल्यांदा हर्निया झालेल्यांत हे प्रमाण निम्म्याहून खाली उतरलं. यंत्र तेच होतं, फरक हातांचा होता.

चौथा मार्ग आपल्या पुण्याचा. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आपली पद्धत मांडली. बाहेरचं ठिगळ नको, शेजारच्याच स्नायूच्या मजबूत पापुद्र्याची एक पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून सोडवायची आणि ती भोकावर शिवायची. त्याच कापडाची पट्टी काढून तेच कापड सांधायचं, ही रफूगराची जुनी युक्ती. जाळीचा खर्च वाचतो आणि परकी वस्तू शरीरात राहत नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर ही पद्धत आणि जाळीची पद्धत ताडून पाहिली गेली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर दोन्हीकडे दोन-दोन जणांचाच हर्निया परत आला होता. २०१८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मात्र मोठ्या माणसांसाठी जाळीकडेच झुकतात आणि बिनजाळीच्या पद्धतींत शोल्डाइसला पहिलं स्थान देतात. पुण्याच्या पद्धतीला आणखी मोठ्या आणि दीर्घ पाहणीची गरज आहे. पण ज्याला जाळी नकोच आहे किंवा परवडत नाही, त्याला विचारायला एक दार आहे.

परवडण्याचा विषय निघाला म्हणून धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाला जाऊ. तिथल्या डॉ. रवींद्रनाथ टोणगावकरांपुढे शेतकरी आणि मजूर रुग्ण यायचे. जाळी हवी, पण जाळीची किंमत ऐकून माणूस उठून जायचा. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिलं. तेही त्याच कुळातल्या प्लास्टिकचं. त्याचे तुकडे काळजीपूर्वक निर्जंतुक करून त्यांनी वापरले, इतर सर्जनांना सोबत घेतलं, आणि २००३ साली भारतीय शल्यशास्त्राच्या नियतकालिकात अनुभव मांडला. लोक हसले असतील. पण २०१६ साली युगांडातल्या ३०२ पुरुषांवरचा काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे बाजारातली जाळी सव्वाशे डॉलरच्या घरात होती आणि मच्छरदाणीच्या कापडाची एक डॉलरच्या आसपास. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, महागड्या गटात कुणाचाच नाही. हा फरक नगण्य ठरला. कृपा करून याचा अर्थ घरातली मच्छरदाणी घेऊन दवाखान्यात जा असा काढू नका. कोणतं कापड, त्यावर कीटकनाशक नाही ना, किती तापमानाला निर्जंतुक केलं, हे सगळं त्या कामाचा भाग आहे. मला एवढंच म्हणायचंय, की ''महागातली चांगलीच असते'' या वाक्याला दोंडाईचानं उत्तर दिलं आहे.

बायकांच्या हर्नियाबद्दल तर त्याहून कमी बोललं जातं. माझ्या धाकट्या बहिणीला सिझेरियननंतर काही वर्षांनी जुन्या व्रणावरच फुगवटा आला. ती आपली 'पोट सुटलं' म्हणत राहिली. व्रणावरच्या हर्नियात नुसती शिवण फार दगा देते. हॉलंडमधल्या एका अभ्यासात तीन वर्षांत नुसत्या शिवणीनंतर ४३ टक्के आणि जाळीनंतर २४ टक्के जणांचा हर्निया परत आला होता. हे आकडे २००० सालचे. बेंबीच्या हर्नियाबद्दलही २०१८ साली असंच दिसलं. एक ते चार सेंटीमीटरचं भोक असलेल्या ३०० जणांत नुसत्या टाक्यांनंतर १२ टक्के आणि जाळीनंतर ४ टक्के. भोक फार मोठं असेल, तर स्नायूंचे पदर बाजूंनी मोकळे करून मध्ये आणावे लागतात. अब्बा शिवणीतली सोडलेली माया उसवून तंग झगा ढिला करायचे, तसं.

आणि एक गोष्ट मला फार आवडली. पोट उघडलं की बंद करताना टाका केवढा घ्यायचा, यावरही अभ्यास झाला आहे. सेंटीमीटरच्या मोठ्या टाक्यांऐवजी पाच मिलिमीटरचे बारीक टाके घातले, तर वर्षभरात व्रणावर हर्निया होण्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं. २०१५ सालची ही गोष्ट. अब्बांच्या हाताखाली शिकणारी पोरं मोठे टाके घालून काम उरकायची, तेव्हा ते न बोलता सगळं उसवून परत हातात द्यायचे.

मग मी काय निवडलं? माझा हर्निया एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला. मी सर्जनना विचारलं, ''तुम्ही स्वतः कोणती पद्धत जास्त करता?'' हा प्रश्न विचारायला मला धाडस करावं लागलं. ते हसले आणि म्हणाले, ''उघडी, जाळीची. ती माझ्या हातात बसली आहे. दुर्बिणीचीच हवी असेल तर माझ्यापेक्षा माझी सहकारी चांगली करते, तिच्याकडे पाठवतो.'' त्या उत्तरानंतर मी दुसरीकडे कुठे गेलो नाही. त्यांनी धोकेही सांगितले. शस्त्रक्रियेनंतर दहातल्या साधारण एकाला तिथे बरेच महिने त्रासदायक दुखतं, कारण त्या जागेतून नसा जातात. जाळी घाला वा न घाला, हे पूर्ण टळत नाही. माझी जागा बधिर करून काम झालं. संध्याकाळी मी चालत होतो, दुसऱ्या दिवशी घरी. काही दिवस खुर्चीवर बसून नमाज पढलो. तीन महिने तिथे बधिरपणा जाणवत होता, आता तोही जवळजवळ गेला.

हेही सांगायला हवं, की फुगवटा दिसला म्हणजे लगेच धावत सुटायचं असं नाही. पुरुषाला जांघेत लहान, न दुखणारा हर्निया असेल, तर डॉक्टर थांबून लक्ष ठेवा असंही सांगू शकतात. २००६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात असं थांबणं सुरक्षित ठरलं. अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनाहून कमी होतं. पण दहा वर्षांत त्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांनी, मुख्यतः दुखू लागल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतलीच. बायकांच्या जांघेतल्या हर्नियाला मात्र थांबू नये असं डॉक्टर सांगतात. आणि थांबायचं तेही डॉक्टरांना दाखवून, त्यांच्या नजरेखाली. अब्बांसारखं पट्ट्याखाली नव्हे. गोळा कडक झाला, दुखू लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असो की सण, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

आता शेवटचं. बरं वाटल्यावर मी पुन्हा सकाळी खाडीकडे फिरायला जाऊ लागलो. मित्रांनी विचारलं, ''काय, गुडघा बरा का?'' मी म्हटलं, ''गुडघा कधी दुखतच नव्हता. हर्निया होता. ऑपरेशन केलं.'' सगळे जरा इकडेतिकडे बघू लागले. कुणीतरी पावसाचा विषय काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातलाच एक जण माझ्या आधी येऊन बाकावर बसला होता. वाशीच्या बाजारात तीस वर्षं पोती वाहिलेला माणूस. इतर लोक येण्याआधी त्यानं हळूच विचारलं, ''तुमच्या त्या डॉक्टरांचा पत्ता मिळेल का? भाच्यासाठी हवाय.''

मी पत्ता लिहून दिला. भाच्याबद्दल काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, ''चला, मीही येतो सोबत.''

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)